रागाचा तास

अनुसया पराते बाई मूळच्या उमरेडच्या. घर कोष्ट्याचं. वडील बाबनराव हातमागावर नऊवारी विणायचे, आई सुताच्या कांड्या भरायची, आणि अनुसया शाळेतून आली की दप्तर खुंटीला अडकवून आईशेजारी बसायची. लग्न होऊन ती नागपूरला तांडापेठेत आली तेव्हा नवऱ्याच्या छातीत क्षय आधीच शिरलेला होता, फक्त कुणी तिला सांगितलं नव्हतं. दोन-तीन पावसाळे कसेबसे निघाले आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. सासऱ्यानं मात्र शहाणपणा केला. सुनेला माहेरी न धाडता मास्तरकीचं शिक्षण घ्यायला लावलं, आणि सत्तर सालाच्या आगेमागे अनुसया गल्लीच्या टोकाशी असलेल्या मुलांच्या शाळेत बाई म्हणून लागली.

ते दिवस तांडापेठेतल्या या कोष्टीपुऱ्याला वाईट होते. कामठीचे पॉवरलूम रात्रंदिवस चालत आणि इकडे एकेका घरातला माग धूळ खात पडत होता. ज्या माणसांचे हातपाय सकाळपासून मागावर हलायचे, ती माणसं आता ओट्यावर बसून राहत, आणि अंधार पडला की गुत्त्याकडे वळत. घरी येऊन त्यांचा हात बायकोवर उठे, तिच्यानंतर पोरावर. आणि पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत येई ते मुठी वळूनच. मधल्या सुट्टीत मैदानात धूळ उडाली की समजावं, कुणाचं तरी डोकं फुटलं. पोरं कमरेचे पट्टे काढून मारत, कंपासचं टोक मांडीत खुपसत, गुल्लेरच्या खड्यानं डोळ्याचा नेम धरत.

शाळेकडे त्यावर एकच औषध होतं, ते म्हणजे ड्रिल मास्तर नत्थूजींची छडी. नत्थूजी माणूस वाईट नव्हते. त्यांना स्वतःला तसंच वाढवलं होतं, म्हणून ते तसंच वाढवत होते.

एके दिवशी सातवीतल्या गोविंदा निमजेनं वर्गात शिवी दिली. नत्थूजींनी त्याच्या दोन्ही तळव्यांवर छड्या ओढल्या. गोविंदा रडला नाही. तळवे काखेत दाबून तो बाहेर गेला, पाण्याच्या टाकीपाशी चौथीतलं एक पोर ओंजळीनं पाणी पीत होतं, त्याची मानगूट धरली आणि त्याचं कपाळ नळावर आपटलं. पोराशी त्याचं काही भांडण नव्हतं. त्याचं नावसुद्धा गोविंदाला ठाऊक नव्हतं. पोराच्या कपाळाला पराते बाई चिंधी बांधत होत्या, तेव्हा आत गोविंदाला पुन्हा छड्या बसत होत्या, आणि बाईंच्या मनात आलं की हा मार आता आणखी कुणाच्या तरी डोक्यावर उतरणार. बापाच्या हातून निघालेला मार या शाळेत येतो, छडीच्या टोकावरून पुढं जातो आणि जो सगळ्यात लहान आहे त्याच्यापाशी थांबतो.

त्या हेडमास्तरांकडे गेल्या. गणपतराव हेडमास्तर सेवानिवृत्तीला टेकलेले, कशालाही चटकन हो न म्हणणारे आणि नाहीही न म्हणणारे. बाईंनी शनिवारचा शेवटचा तास मागितला. मारामाऱ्या करणारी पोरं माझ्याकडे द्या, त्यांना मारायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं, असं त्यांनी सांगितलं. गणपतरावांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले की पोरं सुधारली तर नाव तुमचं होईल आणि बिघडली तर बोलणी मला खावी लागतील. पण घ्या तास.

चित्रकलेच्या खोलीत तो तास सुरू झाला. वेळापत्रकात त्याला नाव नव्हतं. पोरांनीच ठेवलं, रागाचा तास.

पहिल्या शनिवारी सगळी भिंतीला पाठ लावून बसली. ही काहीतरी नवी शिक्षा आहे अशीच त्यांची समजूत. बाईंनी पुस्तकी भाषा दाराबाहेर ठेवली आणि घरी बोलत तसं विचारलं, "राग आला का आंगात पहिले कुठं समजते?"

 मग देवराव धकाते नावाचं एक काटकुळं पोरगं म्हणालं, "कानात. कान गरम होते, बाई."

बाकीची हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढच्याला विचारलं. एकाच्या पोटात गोळा येत होता, एकाचे दात आपोआप आवळत होते. गोविंदाची पाळी आली तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं, "मले समजतच नाई. मारून झाल्यावर समजते."

बाईंना त्या पोराची माया लागली ती तेव्हापासून.

त्यांनी फार काही मोठं शिकवलं नाही. कोष्ट्याच्या पोरांना कळेल असं सांगितलं. धागा तुटला तर आपण काय करतो? माग थांबवतो. तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, मग पुढं विणतो. तुटल्या धाग्यावर धोटा मारत राहिलं तर सगळा ताणा वाया जातो. कान गरम झाले, पोटात गोळा आला, की समजायचं धागा तुटला. तेव्हा हात खाली सोडायचे आणि श्वास घ्यायचा. पोरांना त्यांनी जोडीजोडीनं समोरासमोर उभं केलं आणि हात खाली सोडून एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावलं. सुरुवातीला खिदळणं होई. नंतर नंतर खोली शांत होऊ लागली.

आणि दुसरी एक गोष्ट होती. ज्या दोघांचं भांडण झालं असेल त्यांनी मिळून टाकीवरून वर्गाचा माठ भरून आणायचा, आणि परत आल्यावर प्रत्येकानं आपली नाही, समोरच्याची बाजू सांगायची. तो काहून चिडला, त्याच्या घरी काय झालं असेल, हे त्याच्या जागी उभं राहून सांगायचं. हे पोरांना सगळ्यात जड जाई. पण एकदा सांगून झालं की दोघांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसे.

या कामात सगळ्यांत हुशार निघाला तो गोविंदा. ज्याला स्वतःचा राग समजत नव्हता त्याला दुसऱ्याचा मात्र लख्ख दिसू लागला. आठवीत गेला तेव्हा तो बाईंच्या आधी खोलीत येऊन चटया अंथरून ठेवी. मैदानात दोघं जुंपले की पोरं नत्थूजींना बोलवायच्या आधी गोविंदाला बोलवत. तो मधे उभा राही, हात खाली सोडून, आणि म्हणे, थांबा गा, याची बाजू मी सांगतो. पोरं खरोखर थांबत. नत्थूजींची छडी कपाटातच राहू लागली. एका संक्रांतीला गोविंदाची आई रुख्माबाई तिळाचे लाडू घेऊन बाईंच्या घरी आली. ती दुसऱ्यांच्या मागांसाठी कांड्या भरून घर चालवत होती, नवरा ताराचंद बसूनच असे. फार बोलणारी बाई नव्हती ती. पण जाताना उंबऱ्यात थांबून तिनं सांगितलं की पोरगं आता घरात बोलते, पहिले नुसतं आदळत होतं. बाप मारायला उठला तर पळून न जाता त्याच्यापाशी बसते, आणि कधी कधी बापाचाही हात खाली येतो.

बाईंना त्या दिवशी फार बरं वाटलं. आपल्याला मूल नाही हे त्या दिवशी त्यांच्या मनात आलं नाही.

त्याच वर्षीचा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. शाळेला सुट्टी, सगळी तांडापेठ आणि इतवारी रस्त्यावर. गल्लीगल्लीतल्या पोरांनी बांबू आणि कागदांचे बडगे, म्हणजे मिरवायचे पुतळे, केले होते, आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत जो तो आपला बडगा पुढं दामटत होता. एका वळणावर दोन गल्ल्यांचे बडगे अडले. कुणाचा आधी जाणार यावरून शिव्या झाल्या, मग ढकलाढकली. देवरावच्या गल्लीच्या बडग्याचं डोकं तुटून खाली पडलं आणि देवरावनं त्यातलाच बांबू उपसला.

गोविंदा दुसऱ्या गल्लीच्या पोरांत होता. तो पुढं आला आणि देवरावच्या समोर उभा राहिला. हात खाली. आणि जसं शाळेत म्हणायचा तसंच म्हणाला, थांबा गा, देवरावची बाजू मी सांगतो.

पुढचं ज्यांनी ऐकलं त्यांनी बाईंना नंतर सांगितलं. गोविंदा आपल्या गल्लीच्या पोरांना समजावू लागला की याच्यावर हसू नका, याचा बाप परवा पिऊन नालीत पडला होता, यानंच त्याला ओढत घरी नेलं, याच्या मायनं त्या दिवसापासून चूल पेटवली नाही, म्हणून हा चिडून आहे. हे सगळं देवरावनं चित्रकलेच्या खोलीत, दार लावून, रडत सांगितलं होतं. गोविंदाच्या मनात काही पाप नव्हतं. त्याला वाटलं, ऐकतील आणि शांत होतील. पण ती खोली नव्हती, भरलेला रस्ता होता, आणि समोरची निम्मी पोरं त्या तासाला कधी बसलेली नव्हती. कुणीतरी हसलं. मग सगळी हसली. कुणी नालीत पडल्याची नक्कल केली.

देवरावनं बांबू फिरवला. गोविंदाचे हात खालीच होते. कानशिलावर लागला.

देवराव तिथून पळाला तो रंगाऱ्याच्या शेडमधे लपला, आणि दिवस कलायला लागला तेव्हा पराते बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती. बाईंनी गर्दीतली गडबड ऐकली होती, पण कुणाला काय झालं ते अजून त्यांच्यापर्यंत आलं नव्हतं.

"बाई, तो माही बाजू सांगून राहिला होता," देवराव म्हणाला. "सगळ्यायसमोर. सगळे हसले."

बाईंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. गोविंदाला मेयो इस्पितळात नेलं एवढं त्याला ठाऊक होतं. बाई त्याला सांगत होत्या की आपण दोघं तिकडं जाऊ, तू त्याच्याशी बोल. तेवढ्यात बाहेरून दोन बाया बोलत गेल्या. निमज्याचं पोरगं गेलं म्हणे, असं त्यातली एक म्हणाली.

देवरावनं दोन्ही हात कानांवर दाबले आणि तो भिंतीला घसरत खाली बसला.  बाई उठल्या. त्यांना माहीत होतं की काही वेळात लोक या पोराला शोधत येतील आणि हाती लागला तर जिवंत सोडणार नाहीत. त्यांनी त्याला आपल्या लुगड्याच्या पदराखाली घेतलं आणि मागच्या बोळानं पोलीस चौकीत नेलं. देवरावची आई सिंधूताई मागून धावत आली. चौकीच्या पायऱ्यांवर तिनं बाईंचा हात धरला आणि विचारलं की माझं पोरगं विश्वासानं तुमच्या दारी आलं, आणि तुम्ही त्याला पोलिसाच्या हाती देता? बाईंनी समजावून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. ती त्यानंतर कधी त्यांच्याशी बोलली नाही.

गोविंदाच्या घरी जायला बाईंना बरेच दिवस लागले. पाय निघत, आणि गल्लीच्या तोंडाशी थांबत. गेल्या तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. ताराचंद ओट्यावर बसला होता. तो उठून आत गेला. रुख्माबाई चरख्यापाशी कांडी भरत होती. तिनं चरखा थांबवला नाही. बाई समोर जमिनीवर बसल्या. 

मग रुख्माबाई म्हणाली, "हात खाली ठेवाले शिकवलं तुमी त्याले. वर कराले काहून नाई शिकवलं? मारासाठी नाई म्हणत मी. डोकं झाकापुरते तरी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोसला असता. त्याच्याशी कसं वागायचं हे त्या दोन वर्षं शिकवत होत्या.

त्या घरी आल्या आणि चूल न पेटवता बसून राहिल्या. रुख्माबाईचं बोलणं खरं होतं. आणि तिला जे माहीत नव्हतं तेही खरं होतं. खोलीत सांगितलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हे त्यांनी पोरांना कधी बजावलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोष्टीपुऱ्यात कुणाच्या घरातलं काय लपतं, असंच त्या धरून चालल्या. पण जे सगळ्यांना माहीत असतं ते चारचौघांत बोलून दाखवणं वेगळं, हे चौदा वर्षांच्या देवरावला कळत होतं आणि त्यांना कळलं नाही.

शाळेत गणपतरावांनी त्यांना दोष दिला नाही. ते फक्त म्हणाले की आता काही दिवस तास राहू द्या. चित्रकलेच्या खोलीला कुलूप लागलं. नत्थूजींनी छडी बाहेर काढली. पण पहिल्यांदा ती वापरताना त्यांनी बाईंच्या वर्गाकडे पाहिलं आणि मान वळवली.

देवरावला रिमांड होममधे ठेवलं होतं. बाई दर महिन्याला तिथं जात. सुरुवातीला तो भेटायला येईना. शिपाई परत येऊन सांगे, नाही म्हणतो. हिवाळ्यात एकदा आला. केस बारीक कापलेले, अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा. बाईंनी आणलेला चिवडा त्यानं घेतला, पण उघडला नाही.

"कान गरम झाले हे समजलं होतं, बाई," तो म्हणाला. "धागा तुटला हेबी समजलं होतं. तुमी सांगतलं तसं सगळं समजलं. माग थांबला नाई."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं तो ठेवू दिला. मग वेळ संपली म्हणून शिपाई आला. पुढं सुटल्यावर देवरावला मामानं भिलाईला नेलं. तिथं तो कुठंतरी कामाला लागला असं ऐकू आलं. तांडापेठेत तो परत आला नाही.

रागाचा तास पुन्हा सुरू होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. बाईंनाही नाही. पण दुसऱ्या वर्षी पाचवीतल्या एका पोरानं शेजाऱ्याच्या हातावर पाटीची कड मारली, नत्थूजींनी त्याला मारलं, आणि ते पोर तळवे काखेत दाबून, न रडता, मैदानाकडे निघालं. बाई व्हरांड्यात होत्या. त्यांनी धावत जाऊन त्याला धरलं. त्याच आठवड्यात त्यांनी खोलीची किल्ली मागितली.

आता तासाची सुरुवात वेगळी होती. सगळ्यात आधी पोरांना त्या दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसायला शिकवत. मग पळायला शिकवत. समोरच्याच्या हातात काही असलं तर बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, पळायचं, पळण्यात लाज नाही, हे त्या पोरांकडून वदवून घेत. आणि दार लावल्यावर एकेकाला शपथ घ्यायला लावत की इथलं बाहेर न्यायचं नाही. राग आंगात कुठं समजते, हे त्यानंतर. एकदा साहेब तपासणीला आले तेव्हा पोरं डोकी झाकून ओळीनं बसली होती. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं की हे आधी लागतं. साहेबांना काही समजलं नाही, पण त्यांनी शेरा चांगला दिला.

काही वर्षांनी गोविंदाचा धाकटा भाऊ जागेश्वर सातवीत आला. पहिल्याच आठवड्यात रुख्माबाई शाळेत आली. इतक्या वर्षांत गल्लीत समोरासमोर आल्या की ती पदर पुढं ओढून निघून जाई. आता ती सरळ वर्गाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की याला त्या तासाला बसवू नका. बाईंना सांगायचं होतं की आता आपण डोकं झाकायला शिकवतो, पळायला शिकवतो, तिच्याच शब्दावरून शिकवतो. ते ओठांवर आलं होतं. पण त्या आईला हे सांगणं म्हणजे, तुझ्या पोरावरून आम्ही शिकलो, असं म्हणण्यासारखं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली.

जागेश्वर तासाला बसला नाही. आणि तो भावापेक्षाही तापट निघाला. रोज कुणाचं तरी नाक फोडी, रोज छड्या खाई. एकदा त्यानं एका पोराचा हात मोडला, तेव्हा मात्र बाईंना राहवलं नाही. शाळा सुटल्यावर त्या रुख्माबाईच्या घरी गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या की एकदा तरी त्याला माझ्याकडे पाठवा, नाहीतर हा कुणाचा तरी जीव घेईल.

रुख्माबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मारून येते, बाई," ती म्हणाली. "पण घरी येते."

आत जागेश्वर कसलंसं गाणं म्हणत अंगावर पाणी घेत होता. रुख्माबाई उठली, माठातून पाणी काढलं आणि फुलपात्र बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते उभ्याउभ्याच प्यायलं, फुलपात्र ओट्यावर ठेवलं आणि गल्लीतून परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शेवटच्या तासाला त्यांनी खोली उघडली, चटया अंथरल्या आणि पोरांची वाट बघत बसल्या.